अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली का? (आदिवासी पाड्यांवरचं संशोधन)

भातखाचर

सहा वर्षं सर्वेक्षणाची कामं करतोय. हुद्दा 'क्षेत्र अन्वेषक', म्हणजे उन्हातान्हात फिरून फॉर्म भरून आणणारा गडी. बहुतेक काम जव्हार-मोखाड्याच्या बाजूला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका.

गेल्या महिन्यात एका वारली पाड्यावर गेलो होतो. विषय बायकांमधला रक्तक्षय. अंगणवाडीच्या ओट्यावर टेबल मांडलं. बोटातून थेंबभर रक्त काढून हिमोग्लोबिन बघायचं, शिवाय दंडातून एक नळी रक्त घ्यायचं. त्या नळीतलं थोडं रक्त 'भविष्यातील संशोधनासाठी' गोठवून ठेवायचं. संमतीपत्र अडीच पानी. मूळ इंग्रजी, मराठी कोणा एजन्सीकडून करून घेतलेलं. त्यातलं एक वाक्य मला झोपेतसुद्धा म्हणता येतं: 'सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेऊ शकता.' इतकी वर्षं माझी पद्धत अशी, की हे भराभर वाचायचं आणि शाईचा पॅड पुढे सरकवायचा. तासाला दहा-अकरा बाया होतात.

त्या दिवशी एका आजीने हात पदराआड घेतला. मला वाटलं, सुईला घाबरली. तर म्हणाली, सुई टोच, रक्त ने, पण अंगठा देणार नाही. तिच्या सासऱ्याने एकदा कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला होता आणि दोन खाचरं गेली होती. मग म्हणाली, तुला कागद लागतो ना, मग एक मलाही दे. माझ्याकडे प्रत्येकीमागे एकच प्रत होती, तीही ऑफिसात जमा करायची.

दहावीतली एक मुलगी शेजारी उभी होती. तिला म्हटलं, तू वाच आणि यांना तुमच्या बोलीत सांग. ती एकेक वाक्य वाचून सांगू लागली. ते 'ऐच्छिक असून' वालं वाक्य आलं तेव्हा जरा थांबली आणि मग जे बोलली त्याचा अर्थ एवढाच होता: नको वाटलं तर उठून घरी जा, कोणी रागावणार नाही.

तीन बाया उठल्या आणि गेल्या.

सहा वर्षांत हे वाक्य हजारो वेळा वाचलं असेल, ते ऐकून उठून जाणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. पुढे गोठवण्याचं वाक्य आलं तेव्हा मुलीने मलाच विचारलं, कुठे ठेवणार, किती वर्षं, काय शोधणार? मला माहीत नव्हतं. संध्याकाळी सुपरवायझरला फोन केला. 'तीन रिफ्यूजल टाक आणि पुढचा पाडा घे' असं उत्तर मिळालं.

तर प्रश्न असा: याआधी मी जे गोळा केलं, ती संमती होती का? आणि हे नाटक न करता काम करण्याची काही रीत कोणी पाहिली आहे का?

सूक्ष्मदर्शक

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पॅथॉलॉजीत छत्तीस वर्षे काढली. भारतात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) पहिल्यांदा सापडला तो १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात. त्यानंतर विदर्भ, नंदुरबार, छत्तीसगड असे नकाशे तयार झाले ते कोणीतरी रक्त दिले म्हणूनच. २०२३ च्या १ जुलैला केंद्राने शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिचे उद्दिष्ट २०४७ पर्यंत निर्मूलन आणि त्यासाठी सात कोटी लोकांची तपासणी, असे ठेवले. प्रत्येक ओट्यावर असा परिसंवाद भरवला तर २०४७ चे उद्दिष्ट २१४७ ला गाठू. तीन बायका उठून गेल्या याचे कौतुक काय? त्यांच्यातल्या एखादीचे हिमोग्लोबिन सहा असेल तर तिचे काय?

भातखाचर

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न मलाही छळतो. पण एक ऐका. हातातल्या यंत्रावर हिमोग्लोबिनचा आकडा मिनिटभरात येतो. तो बाईला लगेच सांगायचा नाही, अशी आम्हाला सूचना आहे. 'अहवाल यथावकाश केंद्रामार्फत' जातो म्हणे. जिने रक्त दिलं तिलाही आकडा कळत नाही, आणि जी उठून गेली तिलाही नाही.

सूक्ष्मदर्शक

काय? सहा आलेले पाहून तुम्ही गप्प बसता? हा निव्वळ हलकटपणा आहे. गंभीर आकडा आला तर त्याच दिवशी रुग्णाला सांगून पुढे पाठवायचे, हे आम्ही एमबीबीएसच्या पोरांना शिकवायचो. तेवढ्यापुरते माझे वरचे म्हणणे मागे. बाकीचे तसेच आहे.

उंबरठा

वाचतेय. आजीचं 'रक्त ने पण अंगठा नाही' डोक्यातून जात नाहीये.

तलासरीवाला

ज्यांना अंगठ्याची गोष्ट नवी वाटतेय त्यांच्यासाठी. आमच्या भागात सावकार-जमीनदाराच्या वहीवर अंगठा उठवला की माणूस अडकलाच. लग्नाला शे-दोनशे घेतले की नवराबायको दोघं मालकाकडे राबायचे, त्याला 'लग्नगडी' म्हणायचे. १९४५ साली तलासरीतल्या झरीला परिषद झाली. किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारल्यांनी वेठबिगार नाकारली, ती याच अंगठ्यांच्या विरोधात. तुमच्या आजीचा सासरा त्याच पिढीतला असणार. मुंबईत संमतीपत्र बनवणाऱ्याला निरक्षर माणसासाठी अंगठा ही 'सोय' वाटते. इथे तो अंगठा म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

ॲडव्होकेट_मैना

कायद्याचं थोडं लिहिते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आदिवासींवरच्या संशोधनाबद्दल त्यांत वेगळं सांगितलंय: त्या समाजाला उपयोग होणार असेल तरच करा, जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास खात्यासारख्या सक्षम अधिकाऱ्यांची मंजुरी घ्या, स्थानिक बोली जाणणारी माणसं आणि वडीलधारे यांना घेऊन, साक्षीदारासमोर संमती घ्या. आणि गावाच्या पुढाऱ्याने हो म्हटलं तरी प्रत्येकीची स्वतंत्र संमती लागतेच. म्हणजे तुमच्या त्या दहावीतल्या मुलीने जे केलं ते नियमातलंच काम होतं. तिला कोणी नेमलं नव्हतं, पैसेही दिले नव्हते, एवढाच फरक. (ती अल्पवयीन असणार, तेव्हा औपचारिक साक्षीदार म्हणून मोठं माणूसही हवं.)

आता नियम असून काय होतं ते बघा. २००९ मध्ये आंध्रातल्या तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा अभ्यास प्रकल्प झाला. दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुली होत्या, त्यांतल्या कितीतरी आश्रमशाळा-वसतिगृहांत राहणाऱ्या. दोन्हीकडच्या मिळून सात मुलींच्या मृत्यूंवरून ओरड झाल्यावर २०१० मध्ये तो थांबवला. ते मृत्यू लशीमुळे झाले नाहीत असा चौकशीचा निष्कर्ष होता, हे मुद्दाम लिहिते, कारण व्हॉट्सॲपवर उलटं फिरतं. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालाने संमतीचे जे वाभाडे काढले ते वाचण्यासारखे आहेत. आंध्रात आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. एकीदोघींसाठी नव्हे, गठ्ठ्याने.

आणि डॉक्टरसाहेबांसाठी हवासुपाईंची केस. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी ही छोटी जमात, सातशेच्या आत माणसं. मधुमेहाने हैराण होती. १९९० च्या सुमारास विद्यापीठाच्या संशोधकांना लोकांनी आपणहून रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं, पूर्वज आशियातून कसे आले, असे वेगळेच अभ्यास झाले. त्या लोकांची श्रद्धा अशी की आपण त्या दरीतच जन्मलो. हे उघड कसं झालं? २००३ साली जमातीतलीच एक बाई विद्यापीठात पीएचडीचं एक सादरीकरण ऐकायला बसली होती. तिने उठून विचारलं, या कामासाठी परवानगी घेतली होती का? २०१० मध्ये समझोता झाला: ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर, आणि उरलेले रक्ताचे नमुने परत.

संमतीपत्रात काय लिहिलं होतं? 'वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांची कारणं' असलं काहीतरी मोघम. 'भविष्यातील संशोधनासाठी' हे त्याचंच भावंड.

सूक्ष्मदर्शक

हवासुपाई प्रकरण ऐकून होतो, तपशील माहीत नव्हते. पण मॅडम, प्रत्येक नव्या प्रश्नासाठी पुन्हा त्या दरीत उतरायचे का?

ॲडव्होकेट_मैना

हो. खच्चर मिळतं म्हणे तिथे.

धवलेरीची_नात

मी वारली. डहाणूकडची, शाळेत शिक्षिका. रक्ताचं सगळे बोलताय, मी दुसरं सांगते.

लग्नात भिंतीवर चौक लिहितात. आम्ही 'काढतात' म्हणत नाही. तो लिहायचा सवाशिणींनी, तांदळाच्या पिठाने, आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणं म्हणायचं. माझी आजी धवलेरी होती. साधारण १९७० च्या सुरुवातीला हस्तकला मंडळाकडून भास्कर कुलकर्णी आमच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, तिथून चित्रं भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातून जगभर गेले, पद्मश्री झाले. आम्हाला त्यांचा अभिमानच आहे. पण बायकांचं काम कागदावर आल्याबरोबर बहुतेक पुरुषांचं झालं, आणि पुढे पलंगपोसांवर, मगांवर, हॉटेलच्या भिंतींवर कोणीही रंगवू लागलं. २०१४ ला वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. मिळालं ते बरंच झालं. पण पलंगपोस छापणाऱ्याने ते वाचलंय असं दिसत नाही.

आता संशोधनाचं. मी नववीत असताना एक ताई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. स्वभावाने चांगल्या, आमच्यात जेवल्या, राहिल्या. आजीला म्हणाल्या, लग्नाचं गाणं म्हणा. आजी म्हणाली, लग्न कुठंय? ताई हसल्या, त्यांना वाटलं आजी गंमत करतेय. आजी गंमत करत नव्हती. ते गाणं म्हटलं की देव येतात. त्यांना बोलवायचं आणि समोर ना नवरा ना नवरी, मग काय सांगायचं त्यांना? ताई दोन दिवस मागे लागल्या. शेवटी आजीने काहीतरी म्हटलं. ते लग्नाचं नव्हतंच, लावणी करताना म्हणतात तसलं काहीबाही होतं. ताई खूश होऊन गेल्या. कुठल्यातरी ग्रंथालयात त्या टेपवर 'विवाहगीत' असं लिहिलेलं असणार.

त्यांच्यावर राग नाही. फक्त 'लग्न कुठंय' हे उत्तर होतं, हे त्यांना कळलं नाही. लोक तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत आमच्यात. 'बघू', 'उद्या ये', 'आज कामं आहेत' म्हणतात. तुमच्या फॉर्मवर हो आणि नाही अशा दोनच चौकटी असतात.

उंबरठा

ताई, __/\__

भातखाचर

'उद्या ये' ला आमच्याकडे 'पुनर्भेट आवश्यक' हा कोड आहे. तीन पुनर्भेटी झाल्या की घर गाळायचं. आता कळतंय मी काय गाळत होतो.

यावरून आठवलं. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची निम्मी घरं बंद होतात. माणसं वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीकडे. आमच्या प्रकल्पाचे पैसे सुटतात डिसेंबरात आणि मार्चएंडच्या आत खर्च दाखवायचा असतो. म्हणजे ज्यांच्या घरी खायला नाही ती घरं नेमकी कुलूपबंद असताना आम्ही उपासमारीचा अभ्यास करतो. कातकरी वस्तीत एकदा अख्ख्या दिवसात दोन म्हातारी माणसं आणि एक कोंबडी भेटली.

चातगावचा_गडी

गडचिरोलीहून लिहितोय. रीत पाहिली आहे का विचारलंत, तर आमच्याकडे आहे.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा ऐकली असेल. तिथली ग्रामसभा बहुमताने चालत नाही, सर्वसहमतीने चालते. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. याहून मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, त्याआधी विषय समजून घ्यायचा अभ्यासगटात. बाहेरचा जाणकार येऊन बसू शकतो, बोलू शकतो, निर्णयात त्याला मत नाही. म्हणजे इथे संशोधक गावाचा अभ्यास करत नाही, गावच अभ्यास करतं आणि संशोधकाला हाक मारतं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो या तयारीवर.

दुसरं, 'सर्च' या इथल्या आरोग्यसंस्थेचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी लोकांना विचारलं की कसा हवा. मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहता यायला हवं, असं लोक म्हणाले. म्हणून तिथे झोपड्यांसारख्या खोल्या आहेत आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे. नवजात बाळांवरचा अभ्यास, जो १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं होतं. बाळाचं वजन करणारी, श्वास मोजणारी, नोंद लिहिणारी बाई त्याच गावची. नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून जास्त खाली आला. सूक्ष्मदर्शक साहेब, लोकांना विचारत बसल्याने विज्ञान अडलं नाही, उलट त्यामुळेच जमलं.

मी स्वतः एका पाहणीबरोबर एका गावच्या ग्रामसभेत (मेंढा नव्हे) गेलो होतो. आमचा विषय सातवा होता. पहिले सहा तेंदूपत्त्याचे. सकाळी अकराला बसलो, चारला नंबर लागला. एका म्हाताऱ्याने विचारलं, याआधी आलेल्यांनी नेलेल्या माहितीचं काय झालं ते आधी सांगा, मग तुमचं ऐकू. आम्हाला ती आधीची पाहणी कुठली हेच ठाऊक नव्हतं. परत पाठवलं. महिन्याने तो जुना अहवाल शोधून, माडिया बोलीत सांगायला माणूस घेऊन गेलो, तेव्हा परवानगी मिळाली.

सूक्ष्मदर्शक

चातगावकर, आरोग्यदूतांचा मुद्दा मान्य. पण ते वर्षानुवर्षे तिथे राहिलेले लोक. तीन वर्षांच्या प्रकल्पावरच्या पोराने काय करावे?

पश्चिमघाट

थोडा गोडाचा घास म्हणून केरळची गोष्ट आणि मग त्यातला खडा.

डिसेंबर १९८७. अगस्त्य डोंगरात वनस्पतिशास्त्रज्ञ चढून चढून थकले, बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे मात्र ताजेतवाने. ते कसलीशी फळं चघळत होते. विचारलं तर सांगेनात, कारण ते बाहेरच्याला सांगायचं नसतं. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर वनस्पती दाखवली: आरोग्यपच्चा. त्यावरून तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यान संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केलं. कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला परवाना दिला, दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वशुल्क. त्यातला अर्धा वाटा काणींना. १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. जगभर दाखला म्हणून सांगतात.

आता खडा. काणी हजारोंनी आहेत, वेगवेगळ्या पंचायतींत विखुरलेले. वाटाडे आणि ट्रस्ट एका भागातले. बाकीचे म्हणाले, हे ज्ञान काय तीन माणसांचं होतं? आमच्या वैद्यांना, प्लाथींना, कोणी विचारलं? शिवाय वनखात्याने पानं तोडायला मनाई केली, त्यामुळे लागवडीतून मिळणारं उत्पन्नही अडलं. म्हणजे हेतू नेक, करार चांगला, तरी 'समाजाची संमती' म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न उभाच.

ऑकलंडची_सूनबाई

इथे न्यूझीलंडमध्ये प्रसूती विभागात नर्स आहे. माओरी भाषेत 'फेनुआ' म्हणजे जमीन आणि 'फेनुआ' म्हणजेच वार, बाळंतपणातली. दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे वार घरच्यांना परत द्यायची, ते आपल्या जमिनीत पुरतात. आम्ही डबा तयारच ठेवतो. काढून घेतलेला शरीराचा इतर भाग परत हवा का, हेही विचारतो.

मला हे अजिबात परकं वाटलं नाही. माझी आजी म्हणायची, जिथे नाळ पुरली तिथे जीव ओढतो. पण सांगलीच्या दवाखान्यात माझ्या बाळंतपणात मला कोणी विचारलं नव्हतं. अवांतर झालं, सॉरी.

धवलेरीची_नात

अवांतर कसलं? उरलेलं रक्त परत द्याल का, हेच तर त्या आजीला विचारायला हवं होतं.

भातखाचर

धागा काढल्यापासून दोन गोष्टी झाल्या, त्या सांगून ठेवतो.

ऑफिसला मेल लिहिली: नमुने किती वर्षं, कुठे, कशासाठी? बारा दिवसांनी उत्तर आलं. पंधरा वर्षं, उणे ऐंशी अंशाच्या फ्रीझरमध्ये. कशासाठी, यावर काही नाही. हिमोग्लोबिन लगेच सांगण्याबद्दल मात्र हो आलं (डॉक्टर, तुमचा 'हलकटपणा' हा शब्द जरा मवाळ करून वापरला होता). आकडा आठच्या खाली आला तर त्याच दिवशी आशाताईंना कळवून ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची, असं ठरलंय.

रविवारी स्वतःच्या पैशाने परत पाड्यावर गेलो. त्या मुलीने अडीच पानांचं संमतीपत्र वहीच्या एका पानावर उतरवलंय, बोलीत, देवनागरीत. 'जैविक नमुना' खोडून 'रक्त' लिहिलंय. 'संशोधक' हा शब्द तीन ठिकाणी होता, तिथे 'हे लोक'. आजीला पंधरा वर्षांचं सांगितलं. ती म्हणाली, तेव्हा मी नसेन, मग तुम्ही विचारणार कोणाला? नातीला विचारू का म्हटलं. म्हणाली, तिलाच विचार, ती काय म्हणेल ते. नात तिथेच बसून नाक पुसत होती, वय वर्षं चार. फॉर्मवर याला चौकट नाही. 'इतर' मध्ये लिहून दिलंय.

उठून गेलेल्या तिघींपैकी एक परत आली. बोटातलं रक्त दिलं, नळी नाही म्हणाली. आकडा ७.४. चिठ्ठी दिली.

आता अडचण प्रतीची. आजीला कागद हवाच आहे आणि तिचं बघून बाकीच्यांनाही. पाड्यावर झेरॉक्स नाही. सूचना आहेत का?

तलासरीवाला

किराणावाले बिलबुक वापरतात ना, खाली कार्बन टाकून, एक पांढरं पान एक पिवळं? मुलीचं ते पान तसं छापून घ्या. कुठलाही छापखाना शंभर पानांचं पुस्तक करून देतो. पांढरं बाईला, पिवळं ऑफिसला. आणि अंगठ्याची जागा ठेवू नका, गावातल्या साक्षीदाराची सही घ्या.

धवलेरीची_नात

आणि त्या मुलीला भाषांतराचे पैसे द्या. एजन्सीला दिले होते तेवढेच.